फळीला टेकून

१

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला रंधासुद्धा नीट धरता येत नव्हता. एका कचेरीच्या मोठ्या खोलीचे दोन भाग करायचे होते. उस्तादांनी आणि मी मिळून लाकडी पार्टिशन उभं केलं होतं. काम संपलं की उस्ताद बोटांच्या पेरांनी फळ्या वाजवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे. पार्टिशन पोकळच वाजायला हवं. पलीकडे नुसती हवा असते ना.

त्या दिवशी ते अर्ध्यावर पोचले आणि आवाज बसला. टक नाही, ठप्. पलीकडून कोणी पाठ टेकून उभं असलं की फळी तशी वाजते.

"बघ रे, कोण टेकलंय तिकडे," उस्ताद म्हणाले.

मी वळसा घालून गेलो. पलीकडे रिकामी खोली. धूळ, लाकडाचा भुसा आणि माझेच मघाचे पाय उमटलेले.

"कोणी नाही उस्ताद."

त्यांनी पुन्हा वाजवलं. मी पलीकडून बघत होतो. फळीसमोर कोणी नव्हतं आणि आवाज ठप्.

उस्तादांनी तेवढी एक फळी काढून बाजूला ठेवली आणि मला चहा आणायला पाठवलं. चहा सावकाश प्याले. मग फळी परत ठोकली, वाजवली. पोकळ.

"गेलं," एवढंच म्हणाले.

काय गेलं ते मी विचारलं नाही. मी नवा होतो, आणि उस्तादांना प्रश्न आवडायचे नाहीत. हत्यारं आवरताना मात्र ते म्हणाले, "शेवटची फळी ठोकण्याआधी आपल्या माणसांना हाक मारायची. सगळ्यांनी आपल्या बाजूने ओ दिली, की मग खिळा मारायचा. आधी नाही."

मला वाटलं, कोणी आत अडकू नये म्हणून सांगतायत. जन्मभर तसंच वाटत आलं आणि जन्मभर मी हाक मारत आलो.

२

माझे हात कापायला लागले तेव्हा कामं येणं थांबलं. भाड्याचं घर चार खोल्यांचं, राहणारे आम्ही दोघं. मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी. ती आली की घरभर फिरून दिवे बंद करत सुटायची.

"बाबा, दोन माणसांना चार खोल्या कशाला? नाचायचंय का?"

"नाचतील की," आमची ही म्हणाली. "तुझ्या लग्नात नाचले होते ते विसरलीस? खुर्ची मोडली होती."

"आई, मी मस्करी करत नाहीये. मालक मागच्या दोन खोल्या परत घ्यायला तयार आहेत. भाडं उतरेल. झाडायला कमी, पुसायला कमी. तुझा गुडघा बघ."

"माझा गुडघा माझ्यापाशी आहे. त्याला खोल्यांचं काय?"

हिचा उजवा गुडघा वाजायचा. उठली की कट्. चालताना दर दोन-चार पावलांनी पुन्हा कट्. इतक्या वर्षांत मला त्या आवाजाची सवय झाली होती. पहाटे तो स्वयंपाकघरातून यायला लागला की मी कूस बदलायचो आणि थोडा आणखी झोपायचो.

शेवटी मुलीचंच खरं झालं. मोठं कपाट विकलं. पाहुण्यांच्या गाद्या विकल्या. ताटं दोन ठेवली, कप दोन. कपड्यांचं गाठोडं बांधून देऊन टाकलं. त्यात हिचा तपकिरी स्वेटरही गेला, कोपरावर हिनेच ठिगळ लावलेला. प्रत्येक वस्तूमागे ही भांडली. भांडायला हिला आवडायचं. भांडता भांडता वस्तूची सगळी हकिगत सांगायची, ती कुठून आली, कोणी आणली, त्या दिवशी काय झालं. ऐकता ऐकता मुलगी कंटाळायची आणि मला वाटायचं, वस्तू राहू द्यावी.

"आणि हा डबा?" मुलीने मागच्या खोलीतल्या फळीवरचा पत्र्याचा डबा हलवला. आतली बटणं खुळखुळली.

"खबरदार," ही म्हणाली. "त्याला हात लावायचा नाही."

"आई, या बटणांचे शर्टसुद्धा आता जगात नाहीत."

"म्हणून तर बटणं ठेवायची."

मला हसू आलं. ही माझ्यावर उखडली. "हसा! तुम्हाला काय, उद्या माझ्या खुर्चीत कोणीही आणून बसवली तरी वेळेवर चहा मिळाला की झालं. लक्षातसुद्धा यायचं नाही."

"चहा गोड झाला तर येईल लक्षात," मी म्हणालो. ही चहात साखर घालायला नेहमी विसरायची.

३

पुढच्या आणि मागच्या खोल्यांमध्ये दार नव्हतं. एक रुंद मोकळी जागा होती. तिथे पार्टिशन घालायचं मालकाने माझ्यावरच सोपवलं. "मिस्त्री, घरात मिस्त्री असताना मी बाहेरचा कशाला आणू?"

माझं ते शेवटचं काम. हात कापत होते, पण चौकट सुतात बसली. मी एक एक फळी लावत गेलो आणि मागची खोली हळूहळू अरुंद होत गेली. ही सारखी इकडून तिकडे जात होती. काही ना काही विसरल्याचं सांगून फटीतून आत शिरायची, तिथल्या रिकाम्या भिंतींकडे बघत उभी राहायची, परत यायची. माझ्याशी बोलत नव्हती. म्हणजे बोलत होती, पण भांड्यांशी.

दुपारी शेवटची फळी उरली. मी ती जागेवर धरली, खिळा दातांत धरला. मग आठवण झाली. खिळा काढून मी हाक मारली.

"अगं, आहेस ना?"

"हो, इथेच आहे."

माझा उजवा कान कधीच गेलाय. जन्मभर हातोडी त्याच कानाजवळ वाजली. एका कानाने ऐकणाऱ्या माणसाला आवाज समजतो, शब्द समजतात, पण आवाज कुठून आला ते समजत नाही. ही घरात हाक मारायची आणि मी भलत्याच खोलीत जाऊन उभा राहायचो. त्यावरून आमच्या घरात रोज हसणं व्हायचं.

मी खिळे मारले.

हत्यारं आवरून स्वयंपाकघरात गेलो तर ही खुर्चीत बसली होती, हात मांडीवर ठेवून. मला बरं वाटलं. का बरं वाटलं, तेव्हा कळलं नाही.

"झालं बघ," मी म्हणालो. "आता एवढंच घर आपलं."

"चालेल," ही म्हणाली.

४

पहिल्या दिवसांत मी खूश होतो. पुढच्या दोन खोल्या ऊबदार वाटायच्या. झाडू मारायला वेळ लागायचा नाही. दिव्याचं बिल उतरलं. मुलीने फोन केला की ही म्हणायची, "बरं आहे," आणि फोन माझ्याकडे द्यायची. पूर्वी माझ्या वाट्याला फोन यायचाच नाही.

मुलगी भेटायला आली तेव्हा चकित झाली. "बाबा, आई किती निवांत झाली! आणि गुडघा बघितलात? वाजत नाही."

खरंच वाजत नव्हता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पहाटे मला जाग यायची, पण कूस बदलायचं काही कारण सापडायचं नाही. कमी चालणं होतं म्हणून गुडघ्याला आराम पडला असेल, मी मनाशी म्हटलं.

"आई, तो टेबलावरचा दिवा काढून टाकू? एक पुरतो ना?"

"चालेल."

"आणि ही चादर? विरलीय."

"चालेल."

मी वाट बघत होतो. त्या चादरीची हकिगत मोठी होती. त्यात रेल्वे होती, एक भांडखोर नणंद होती, पाऊस होता. ही गप्प बसली. मुलीने चादर घडी घालून पिशवीत टाकली. जाताना माझ्या कानात म्हणाली, "बघा, उगाच घाबरत होता. आईला सवय झाली."

ही जेवायची थोडं. मग आणखी थोडं. विचारलं तर, "पुरे झालं." दिवा न लावता बसायची. संध्याकाळी मी बाहेरून आलो की घर अंधारात असायचं; मी बटण दाबलं की ही खुर्चीत दिसायची, सकाळी होती तशीच. झोपेत माझं पांघरूण ओढून घ्यायची हिची सवय. त्यावरून आम्ही तरुणपणापासून भांडलो. आता सकाळी सगळं पांघरूण माझ्याच अंगावर असायचं. हिच्या बाजूची चादर इस्त्री केल्यासारखी.

आणि चहा गोड असायचा. रोज, अगदी बेताचा गोड. मी तो प्यायचो आणि काही बोलायचो नाही.

एकदा मी मुद्दाम विचारलं, "तुझा बटणांचा डबा कुठाय गं?"

ही माझ्याकडे बघत राहिली. डोळे तेच. त्यातला डावा जरा बारीक, तोही तसाच.

"काढून टाकला असेल," ही म्हणाली. "कशाला हवा?"

५

दुपारी मी माझी खुर्ची पार्टिशनला लावून बसायचो. तिथे पाठीला ऊब लागायची. उन्हाने फळी तापत असेल, असं वाटायचं. मग एक दिवस आभाळ भरून आलेलं, सकाळपासून ऊन नाही, आणि फळी तशीच ऊबदार. सगळी नव्हे. एकाच जागी, माझ्या पाठीच्या मधोमध, दोन खांद्यांएवढ्या रुंदीची. शेजारच्या फळ्या गार.

मी उठलो. पेरांनी एका टोकापासून वाजवत आलो. टक. टक. टक. त्या जागी आलो.

ठप्.

मी तिथेच उभा राहिलो. म्हातारा माणूस आहे, कान एकच, हात कापतात. हाताचा दाब कमी-जास्त पडला असेल. पुन्हा वाजवलं. वर टक. अगदी खाली, जमिनीलगत, टक. मध्ये ठप्. मी लाकूड ओळखतो. फळी फुगली असती तर आवाज जड झाला असता. गाठ असती तर कोरडा. हा तसला नव्हता. हा टेकलेला होता.

माझ्या मागे ही खुर्चीत बसलेली होती. मी वळून पाहिलं, खात्रीसाठी.

"काय झालं?" ही म्हणाली.

"काही नाही. फळी बघत होतो."

"चांगली झालीय," ही म्हणाली.

त्या दिवशी मी परत खुर्चीत बसलो आणि पाठ फळीला लावली. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण उठवेना. त्या ऊबेची ओळख होती. बाळंतपणानंतर हिला बसवत नसे, तेव्हा आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो. माझ्या पाठीचा तिला टेका, तिच्या पाठीचा मला. ती ऊब तशी होती. मध्ये लाकूड होतं इतकंच.

६

मालक येऊन म्हणाला, "मिस्त्री, उद्या सकाळी मागे सिमेंटची पोती टाकतोय. पार छतापर्यंत. तुमचं काही राहिलंय का, एकदा बघून घ्या."

मागच्या गल्लीतून आम्ही गेलो. त्याने कुलूप काढलं. आधी शेवटची खोली, मग तिच्या पुढची, आणि समोर माझं पार्टिशन, त्या बाजूने कधी न पाहिलेलं. खोली रिकामी होती. खिडकी बंद, फटींतून उजेडाच्या रेघा. भिंतीतल्या फळीवर काहीच नव्हतं. डबा नव्हता. त्या जागी धुळीत एक गोल, स्वच्छ डाग होता.

"बघा," मालक हसला. "ढेकूणसुद्धा भाडं परवडत नाही म्हणून गेलेत."

मी पार्टिशनजवळ गेलो. त्या जागेसमोर मीच उभा होतो. माझ्या आणि फळीच्या मध्ये कोणी नव्हतं. मी पेर उचलून वाजवलं.

ठप्.

'ही पलीकडून टेकून बसली असेल,' मी मनाशी म्हटलं. 'माझीच खुर्ची आहे तिथे. बसली असेल.' साधी गोष्ट होती. मला इतकं हायसं वाटलं की मी फळीला तोंड लावून विचारलं, "अगं, आहेस ना?"

"हो, इथेच आहे."

तोच आवाज. जरा थकलेला. किती वेळ लावलात, असं विचारणारा.

"कोणाशी बोलताय?" मालक म्हणाला.

"हिच्याशी. पलीकडे बसलीय."

"वहिनी?" मालकाने माझ्याकडे नीट बघितलं. "अहो, त्या तर पुढच्या दारात उभ्या आहेत. आपण येताना मी त्यांना हात केला. त्यांनी नाही केला."

"आवाज आला नाही तुम्हाला?"

"कसला?" मग त्याने माझा हात धरला, सांभाळून, म्हाताऱ्या माणसाचा धरतात तसा. "चला मिस्त्री. इथे हवा कोंदट आहे."

कुलूप लागताना मी ते बघत होतो. उद्या सकाळी पोती. पार छतापर्यंत.

७

मी घरी आलो आणि हत्यारांची पेटी उघडली.

ही आपल्या खुर्चीत बसली होती, शाल पांघरून. दुपार होती. दिवा लावायची गरज नव्हती, तरी मी लावला. मला उजेड हवा होता.

"काय करताय?" ही म्हणाली.

"एक फळी काढतोय."

"कशाला?"

मी त्या ऊबदार फळीपाशी गेलो. पटाशी फटीत घातली. पटाशी दोनदा निसटली. उस्तादांनी फळी काढली होती आणि जे होतं ते गेलं होतं. पण त्यांच्या कामात त्यांचं माणूस नव्हतं. माझं आहे. ते जाणार नाही, येईल. मी बोलावलं की येईल. मी तेच मनात म्हणत होतो.

"राहू द्या," ही मागून म्हणाली. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. "दोघांना एवढं घर पुरतं."

पहिला खिळा कुरकुरत बाहेर आला. दुसरा. वरचे दोन घट्ट होते. ते माझ्याच हातचे, मी कधी सैल काम केलं नाही. शेवटी फळी सुटली. मी ती भिंतीला लावून ठेवली.

पलीकडे उजेडाच्या रेघा. आणि फटीच्या अगदी जवळ, खाली जमिनीवर, पाठ. तपकिरी स्वेटर. कोपरावर ठिगळ. पांढऱ्या केसांचा अंबाडा, एका बाजूला कललेला. कधी सरळ बसलाच नाही तो. टेका गेला म्हणून ती पाठ जराशी मागे झुकली आणि सावरली.

मी हात आत घातला. माझ्या बोटांना लोकरीचा स्पर्श झाला.

"अगं," मी म्हणालो. "चुकलो मी. मला वाटलं तू इकडे आहेस. चल, ये. ये इकडे."

ती उठायला लागली. आधी हात जमिनीवर, मग भिंतीवर. कट्.

तो आवाज ऐकला आणि माझे डोळे भरून आले, म्हणून मला तिचा चेहरा नीट दिसला नाही. ती वळली एवढं दिसलं. कमरेपाशी डबा धरलेला होता. तिने एक पाऊल फटीकडे टाकलं. मी बाजूला झालो, तिला वाट द्यायला. आणि मी बाजूला झालो तेव्हा माझ्या मागची खोली तिला दिसली. लावलेला दिवा. टेबलावर दोन कप. आणि तिची खुर्ची.

ती थांबली.

ती खुर्चीकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत राहिलो. आता ती उखडेल, मी म्हटलं. सांगितलं होतं ना मी, म्हणेल. कोणीही आणून बसवली तरी तुम्हाला कळायचं नाही. सगळी हकिगत पहिल्यापासून काढेल, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने भांडेल. उभ्या जन्मात ती कुठल्या भांडणातून शब्द न बोलता उठली नव्हती.

"बोल ना," मी म्हणालो. "काहीतरी बोल."

माझ्या मागे खुर्ची वाजली नाही. तरी मला कळलं की ही उठून माझ्या पाठीशी येऊन उभी आहे. त्या बाजूने ऊब येत नव्हती.

पलीकडे तिने डबा छातीशी धरला. वळली. उजेडाच्या रेघा तिच्या पाठीवरून एकेक करून सरकल्या. शेवटच्या खोलीच्या दाराकडे ती सावकाश चालत गेली, बटणं खुळखुळत होती, मध्येच गुडघा वाजत होता, आणि ती काहीच बोलली नाही.